ध्यानाला बसलं की चुळबुळ आणि कंटाळा, तेव्हा नेमकं करायचं काय

सकाळी सहाला उठून, तोंड धुऊन, सतरंजी टाकून, २० मिनिटांचा टायमर लावून तुम्ही बसता. पहिली दोन-तीन मिनिटं छान जातात. मग नाकाच्या शेंड्यावर खाज येते, गॅस बंद केला का अशी शंका येते, काल ऑफिसात कोण काय बोललं ते आठवतं, पाय शिवशिवायला लागतात आणि आतून एकच धोशा सुरू होतो, ऊठ, ऊठ, ऊठ. किंवा उलटं होतं, काहीच होत नाही, श्वास आत, श्वास बाहेर, श्वास आत, श्वास बाहेर, आणि पाचव्या मिनिटाला इतका कंटाळा येतो की टायमर चालू आहे ना हे बघायला एक डोळा उघडतो.

मग बहुतेक जण म्हणतात "माझं मनच फार चंचल आहे, मला नाही जमायचं हे" आणि पंधरा दिवसात सतरंजी परत माळ्यावर. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की चुळबुळ आली की काय करायचं आणि कंटाळा आला की काय करायचं. सगळे एवढंच सांगतात की श्वासाकडे परत या. परत यायचं ते ठीक आहे हो, पण पाय थरथरतायत आणि जीव वर आलाय तेव्हा परत यायचं कसं? मी गेली बारा वर्षं रोज बसतेय, इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय, आणि घरच्यांना मैत्रिणींना बसताना बघितलंय, त्यावरून जे हाताशी लागलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. चुळबुळ आणि कंटाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. आपण दोन्हीला मिळून "मन लागत नाही" म्हणतो आणि दोन्हीला एकच औषध देतो, जोर लावायचा. इथेच घोटाळा होतो.

बौद्ध परंपरेत ध्यानाच्या आड येणारी पाच नीवरणं सांगितलीयत, त्यातली दोन आपल्या कामाची. एक उद्धच्च-कुक्कुच्च. उद्धच्च म्हणजे मनाचं उडणं, एका जागी न टिकणं, आणि कुक्कुच्च म्हणजे केलेल्या न केलेल्या गोष्टींची टोचणी, अरे हे राहिलंच, असं बोलायला नको होतं वगैरे. दुसरं थीनमिद्ध, म्हणजे जडपणा, सुस्ती, पेंग. मला ही नावं पहिल्यांदा कळली तेव्हा फार हायसं वाटलं. आमच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीची लेणी आहेत, शंभरहून जास्त, डोंगरात कोरलेल्या छोट्या छोट्या खोल्या, झोपायला दगडी ओटा आणि बाहेर पाण्याची पोढी, बास. तिथे एका खोलीत मी कधीकधी दहा मिनिटं बसते. मनात येतं की दीड-दोन हजार वर्षांपूर्वी इथे जो भिक्खू बसला असेल, फोन नाही, नोकरी नाही, तरी त्यालाही चुळबुळ होत असणार आणि पेंग येत असणार, नाहीतर त्या परंपरेला यासाठी इतके नेमके शब्द लागलेच नसते.

त्याच परंपरेत सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. गर्भश्रीमंत घरचा पोरगा, बुद्धांच्या भिक्खुसंघात आला आणि चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, इतकं केलं की तळपाय रक्ताळले. तरी काही हाती लागेना म्हणून घरी परत जावं असं मनात आलं. तो आधी वीणा वाजवायचा, म्हणून बुद्धांनी त्याला विचारलं की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मला हे तंबोऱ्यावरून जास्त पटतं. गाणारा माणूस गायच्या आधी तंबोरा जुळवतो, तार चढली असेल तर उतरवतो, उतरली असेल तर चढवतो, आणि मैफिलीच्या मध्येसुद्धा कान देऊन परत जुळवतो. तार उतरली म्हणून तो तंबोऱ्यावर चिडत नाही. तुमची चुळबुळ म्हणजे तार चढलेली, कंटाळा आणि पेंग म्हणजे तार उतरलेली. त्यामुळे मन लागत नाहीये असं जाणवलं की पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारायचा, आत्ता चढलीय की उतरलीय?

बसायच्या आधीचं थोडक्यात सांगते, कारण निम्मी चुळबुळ तिथेच मिटते. फोन दुसऱ्या खोलीत, नुसता सायलेंट करून शेजारी ठेवला तर अर्धं मन त्याच्याकडेच राहतं. टायमर हवा म्हणून फोन लागतो असं असेल तर ओट्यावरचा साधा किचन टायमर घ्या. पोटभर खाऊन बसू नका, आणि कडक चहा पिऊन लगेच पण नाही. ढुंगण गुडघ्यांपेक्षा उंच हवं, जाड चादरीची चारपदरी घडी किंवा उशी खाली घेतली की गुडघे जमिनीकडे झुकतात आणि कंबर आपोआप सरळ राहते. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवून, त्यात काहीही कमीपणा नाही. आणि एक कागद-पेन. बसायच्या आधी दोन मिनिटं डोक्यात जे जे अडकलंय ते लिहून काढायचं, लाइट बिल, शाळेची फी, अमकीला फोन. हा कुक्कुच्चवरचा उपाय आहे आणि तो फार चालतो, कारण मनाला भीती असते की हे आपण विसरू, म्हणून ते परत परत आणून दाखवतं, कागदावर आलं की त्याची घाई बरीच कमी होते.

आता चुळबुळ.

इगतपुरीला माझा दुसरा दिवस फार वाईट गेला. तिथे पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू, दिवसभरात मिळून दहा तासांच्या वर बसणं, बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, फोन पहिल्याच दिवशी जमा. पहिले तीन दिवस फक्त आनापान, नाकाशी येणारा जाणारा श्वास बघायचा, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मनातल्या मनात बॅग भरली, स्टेशनला जायचा रस्ता आठवला, घरी काय कारण सांगायचं तेसुद्धा ठरवलं. लांबून घाटातल्या गाडीचा भोंगा ऐकू आला की पोटात कालवायचं. मी श्वासाला अगदी घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न करत होते आणि जितकं धरावं तितकं मन जास्त उसळत होतं. संध्याकाळच्या बैठकीत इतकी दमले की धरणं सुटलंच, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ही जी उठून पळावंसं वाटण्याची गोष्ट आहे ना ती अंगात एका जागी आहे. बरगड्यांच्या खाली, मधोमध, मूठ आवळल्यासारखी. शिवाय जबडा आवळलेला, आणि उजव्या पोटरीत एक झिणझिण. मी नुसतं त्या मुठीकडे बघत बसले. ती वाढली, अजून वाढली, मला वाटलं आता खरंच उठणार, आणि मग ती ओसरली. परत आली, परत ओसरली. नंतर शिबिर संपेपर्यंत चुळबूळ आलीच, पण बॅग भरली नाही.

तेव्हापासून मी असं करते. उठावंसं वाटलं की श्वासाकडे परत यायची घाई करत नाही. आधी मनात एकच शब्द, "चुळबुळ". मग अंगात शोधते की आत्ता ती कुठे आहे, छातीत, पोटात, घशात, मांड्यांमध्ये, हाताच्या बोटांत. सापडली की तिची माहिती काढायची, केवढी आहे, गरम आहे की गार, आवळतेय की थरथरतेय, एका जागी आहे की सरकतेय. विचारांकडे लक्ष द्यायचं नाही, ते कारणं देत राहतात, आज जरा घाईच आहे, उद्या जास्त वेळ बसू. जिथे ती सापडली तो भाग बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर थोडा सैल सोडायचा, जबडा सोडायचा, खांदे खाली, पोट मोकळं. म्हणजे तार उतरवायची. पाच-सहा श्वास असं केल्यावर बहुतेक वेळा लाट खाली येते आणि मग श्वास आपोआपच परत दिसायला लागतो.

मन फारच उधळलेलं असेल तर दोन-चार श्वास मुद्दाम जरा जोरात घ्यायचे आणि परत नैसर्गिक श्वासावर यायचं, हे आनापानातही सांगतात. श्वास मोजायचे का असं बरेच जण विचारतात. गोएंका गुरुजींच्या, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यनेच्या परंपरेत मोजायला नको सांगतात, आकडा नाही, मंत्र नाही, नुसता श्वास. जपानच्या झेन बौद्ध परंपरेत मात्र एक ते दहा मोजायची पद्धत आहे. तुम्ही ज्यांच्याकडून शिकलात त्यांचं ऐका, आणि कोणाकडूनच शिकला नसाल तर सुरुवातीला एक ते दहा मोजून बघायला हरकत नाही, फक्त आज हे उद्या ते असं दर दोन दिवसांनी बदलू नका, तो बदलत राहण्याचा नादसुद्धा चुळबुळच असते.

उठावंसं वाटलं की मनाशी भांडायचं नाही, त्याला सांगायचं की ठीक आहे, उठू, पण अजून दहा श्वासांनी. दहा झाले की परत बघायचं. तरीही उठायचं असेल तर उठा, खरंच उठा, पण माझा एक नियम आहे की लाट वर असताना उठायचं नाही, खाली आल्यावर उठायचं, एक मिनिटाने का होईना. लाट वर असताना रोज उठलं की शरीर तेच शिकतं, जोरात धक्का दिला की ही उठते. खाजेचं पण असंच, तीन श्वास थांबा, खाज कशी असते ते बघा, बऱ्याच वेळा निघून जाते. नाही गेली तर सावकाश हात उचला, खाजवा, हात परत ठेवा, सगळं लक्ष देऊन, मग ते खाजवणंही ध्यानातच धरलं जातं.

पायाचं मात्र नीट समजून घ्या. मुंग्या येणं, पाय बधिर होणं हे नसेवर दाब आल्याने होतं, पाय मोकळा केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत जातं. त्याने घाबरायचं कारण नाही, फक्त उठताना लगेच उभं राहू नका, पडाल. पण गुडघ्यात टोचल्यासारखं तीव्र दुखत असेल, किंवा उठल्यावरही दुखणं राहत असेल तर तिथे सहनशक्ती दाखवू नका, बसायची पद्धत बदला. शिबिरात चौथ्या दिवसापासून अधिष्ठान असतं, दिवसातून तीनदा तासभर हात पाय डोळे न हलवता बसायचं, ते ऐकून लोक घरी पहिल्याच आठवड्यात तसं करायला जातात. घरी त्याची गरज नाही.

आता कंटाळा, ज्यावर मला जास्त बोलायचंय, कारण चुळबुळीमुळे माणूस एखाद्या दिवशी उठतो पण कंटाळ्यामुळे ध्यान कायमचं सोडतो.

पहिल्यांदा बघा की ही झोप आहे का. मान पडतेय, विचार स्वप्नासारखे तुटक येतायत, तर तो जडपणा आहे. रात्री साडेपाच तास झोपून पहाटे बसलात तर दुसरं काय होणार, आधी झोप पूर्ण करा, ध्यान थोडं उशिरा चालेल. तरी पेंग आलीच तर डोळे अर्धवट उघडे ठेवा, समोरच्या जमिनीकडे, पाठ एकदा वर ताणा, खिडकी उघडा, तोंडावर गार पाणी मारा. नाहीतर उभे राहा आणि चंक्रमण करा. घरातल्या पॅसेजमध्ये पंधरा पावलं पुरतात, टाच उचलली, पाऊल पुढे गेलं, टेकलं, अंगाचं वजन त्यावर आलं, टोकाला पोचलं की थांबून वळायचं. आमच्या वनबीएचकेमध्ये हॉलपासून बाथरूमच्या दारापर्यंत बारा पावलं होतात आणि मी पावसाळ्यात निम्मी बैठक अशीच करते.

झोप नसेल, डोकं जागं असेल आणि तरी बोअर होत असेल तर तो खरा कंटाळा. माझं स्पष्ट मत आहे की श्वास कधी कंटाळवाणा नसतो, आपण तो बघायचं थांबवलेलं असतं. पहिले पाच श्वास बघून मनाने ठरवून टाकलेलं असतं की कळलं, असाच असतो, आणि पुढचे शंभर श्वास आपण न बघताच "श्वास, श्वास" म्हणत राहतो. इथे तार चढवायची, म्हणजे लक्ष बारीक करायचं. आत्ता कुठल्या नाकपुडीतून जास्त वाहतोय? थोडा वेळ थांबून बघा, कारण नाकपुड्या दिवसभरात काही काही तासांनी आळीपाळीने मोकळ्या होतात, ते शरीराचं नेहमीचंच चक्र आहे आणि बहुतेकांना आयुष्यभर माहीत नसतं. आत येणारा गार लागतो, बाहेर जाणारा कोमट, कुठे लागतो, कडेला की वरच्या ओठावर? बाहेर गेल्यानंतर आणि आत यायच्या आधी मध्ये एक थांबा असतो, केवढा आहे? श्वास सुरू झाला हे तुम्हाला नेमकं कधी कळलं, सुरू होताना की झाल्यावर? शेवटचा प्रश्न एकटाच वीस मिनिटांना पुरतो.

माझ्या सासूबाई कधी विपश्यनेला गेल्या नाहीत, त्या रोज संध्याकाळी जपाची माळ घेऊन बसतात. मी एकदा विचारलं, अहो आई, तुम्हाला कंटाळा नाही येत का, रोज तेच १०८ मणी? म्हणाल्या, "येतो की गं. आला की मी माळ हळू ओढते. मणी बोटाला कसा लागतो ते बघते, काही गुळगुळीत आहेत, काहींना चीर आहे." हेच ते, लक्ष बारीक करणं, आणि त्यांना हे कोणी शिकवलेलं नाही.

तरीही नाही गेला कंटाळा तर मग कंटाळ्यालाच बघायला घ्या, चुळबुळीसारखंच. तो अंगात कुठे आहे? मला तो डोळ्यांच्या मागे आणि गालांत जाणवतो, एक चिकट ओढल्यासारखं, आणि त्याच्यासोबत "दुसरं काहीतरी हवं" अशी हाव असते. काय हवंय ते माहीत नसतं, पण हे नको. ते "हे नको" सापडलं की नीट बघा, कारण त्यात राग पण असतो थोडा. कधीकधी कंटाळ्याखाली काहीतरी दुखरं असतं ज्याकडे बघायचं नसतं. माझे वडील गेले त्या वर्षी मला ध्यानात महिनोन् महिने प्रचंड कंटाळा यायचा, आणि एक दिवस त्या कंटाळ्याकडे बघता बघता मी पंधरा मिनिटं रडले. त्यानंतर तसा कंटाळा परत आला नाही.

अजून एक प्रकार आहे, "काहीच घडत नाहीये". कोणाला तरी प्रकाश दिसला, कोणाला अंगात लहरी आल्या, मला काहीच नाही. हा कंटाळा अपेक्षेचा असतो. यावर बारीकसारीक युक्ती चालत नाही, फक्त एवढं मोजा की आज मन किती वेळा भटकलं आणि ते भटकलंय हे किती वेळा लक्षात आलं. लक्षात येणं हेच घडणं आहे, चाळीस वेळा भटकून चाळीस वेळा लक्षात आलं तर ती चांगली बैठक.

आणि हे सगळं फक्त तुमच्याच बाबतीत होतं असं समजू नका. २०१४ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांचे प्रयोग छापून आले होते, लोकांना ६ ते १५ मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं आपल्या विचारांसोबत बसायला सांगितलं. त्यातल्या एका प्रयोगात शेजारी एक बटण होतं, दाबलं की स्वतःलाच विजेचा सौम्य झटका बसणार, तोही असा झटका जो आधी त्यांनी स्वतः नकोसा म्हणून सांगितला होता. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो दाबला. ध्यान न करणाऱ्या साध्या माणसांना नुसतं बसणं इतकं जड जातं.

आपण तर दिवसभर उलटीच प्रॅक्टिस करतो. लिफ्टची वाट बघताना फोन, दूध तापेपर्यंत फोन, सिग्नलला रिक्षात फोन. रिकामं अर्धं मिनिट आलं की ते भरायचंच ही सवय दिवसातून शंभरदा घोटली जाते आणि मग सकाळी वीस मिनिटं मन शांत राहावं अशी अपेक्षा. म्हणून माझा सगळ्यात जास्त आग्रह बैठकीच्या बाहेरच्या सरावाचा आहे. रोज दोन ठिकाणं ठरवा जिथे फोन काढायचा नाही. माझी ठिकाणं म्हणजे प्लॅटफॉर्मवर लोकलची वाट बघताना, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. नुसतं उभं राहायचं, पायाखालची जमीन, आजूबाजूचे आवाज, आणि हात आपोआप पर्सकडे जातो ना, तो जाताना बघायचा. पहिले चार दिवस हाताला अक्षरशः ओढ लागते. पण महिन्याभरात बैठकीत याचा जितका फरक पडला तितका जास्त वेळ बसण्याने पडला नाही.

किती वेळ बसायचं? रोज दहा मिनिटांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. एका रविवारी तासभर आणि मग सहा दिवस दांडी, याने काहीच होत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. वर लिहिलंय ते साध्या चुळबुळीसाठी आणि कंटाळ्यासाठी आहे. बसल्यावर छाती धडधडून श्वास कोंडतोय, एखादा जुना भयंकर प्रसंग डोळ्यासमोर येऊन आपण थरथर कापतोय, किंवा काही दिवस झोपच उडालीय, तर "बघत राहा" हा सल्ला तिथे लावू नका. डोळे उघडा, पाय जमिनीवर घट्ट ठेवा, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या, पाणी प्या, ध्यान काही दिवस बंद ठेवा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर दहा दिवसांच्या शिबिराच्या फॉर्ममध्ये ते विचारतात, तिथे लपवू नका, आणि मनाने औषधं बंद करून तर अजिबात जाऊ नका.

शेवटचं, एक छोटी वही ठेवा. बैठक झाली की तारीख आणि एकच शब्द, "चढली", "उतरली" किंवा "जुळली", सोबत बसल्याची वेळ आणि त्याआधी काय केलं ते. बास, वर्णन नको. पंधरा दिवसांनी पानं उलटून बघा. माझ्या वहीत सोमवारी आणि चहानंतर जवळजवळ नेहमी "चढली" होतं, आणि रात्री जेवणानंतर बसले की "उतरली". कित्येक वर्षं मी त्याला माझा स्वभाव समजत होते. आता बैठक चहाच्या आधी असते, आणि सोमवारी मी पहिली पाच मिनिटं पॅसेजमध्ये चालते आणि मगच खाली बसते.